पाळणाघर ट्रस्टचं की कंपनीचं? पुण्यातल्या पालकांचे आणि तायांचे अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी. लेक सव्वा वर्षाची होतेय. आतापर्यंत सासूबाई सांभाळत होत्या, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि त्यांच्यावर आता हे ओझं टाकायचं नाही असं आम्ही दोघांनी पक्कं केलंय. राहायला कर्वेनगर, माझं ऑफिस बाणेरला, नवऱ्याचं हिंजवडी फेज तीनला.

पाळणाघरं बरीच पाहिली, त्यातली दोन मनात राहिली.

पहिलं बाणेरला, एका साखळीची फ्रँचायझी. सकाळी ८ ते रात्री ८, मोबाइलवर सीसीटीव्ही, दिवसभराचे फोटो ॲपवर येतात. महिना १६,५००, वर्षाची फी आणि डिपॉझिट वेगळं. आमच्या कंपनीचं त्यांच्याशी टाय-अप आहे, म्हणून थोडी सवलत.

दुसरं कोथरूडला, एका ट्रस्टचं. जुन्या बंगल्याचा तळमजला, मागे अंगण. ८.३० ते ६.३०. महिना ७,५००, आणि काही मुलांची फी घरच्या मिळकतीप्रमाणे कमी केलेली आहे. कॅमेरे आहेत, पण त्यांचं चित्रण फक्त कार्यालयात दिसतं. जेवण तिथेच शिजतं.

कुठलं स्वस्त हे मला कळतं, त्यासाठी हा धागा नाही. मला समजून घ्यायचंय की पाळणाघर नफ्यासाठी चालतं की विनानफा, याने आतल्या दिवसात नेमका काय फरक पडतो. माझ्या मुलीला पडतो आणि तिला दिवसभर कडेवर घेणाऱ्या बाईलाही पडतो. दोन्हीकडच्या ताया हसतमुख होत्या. पण एका ठिकाणी विचारलं, “तुम्ही इथे कधीपासून?” तर उत्तर आलं, “मागच्या महिन्यापासून.” दुसरीकडची म्हणाली, “माझा मुलगा इथेच वाढला, आता दहावीला आहे.” हे डोक्यातून जात नाही.

---

मुठाकाठ

ट्रस्ट म्हटलं की चांगलं आणि कंपनी म्हटली की धंदा, असं धरून चालू नका, एवढंच आधी सांगतो. आमचा मुलगा खराडीत खाजगी ठिकाणी अडीच वर्षांचा होईपर्यंत होता. मालकीणबाई स्वतः दिवसभर तिथे. ताप आला की तासाभरात फोन, औषध कधी दिलं याची वहीत नोंद. एकदाही तक्रारीला जागा दिली नाही त्यांनी.

शिवाय वेळ. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेला माणूस साडेसहाला कोथरूडात पोचत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. ट्रस्टची पाळणाघरं शिक्षिका, बँकेतल्या, सरकारी कचेरीतल्या आयांच्या वेळा धरून उभी राहिली. आयटीवाल्यांची गरज खाजगीवाल्यांनी ओळखली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

---

सोनटक्का

मुठाकाठ, वेळेच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पण रात्री आठपर्यंत पाळणाघर उघडं असतं तेव्हा तिथल्या मावशी घरी कधी पोचतात आणि त्यांची मुलं कुणाकडे असतात, हेही बघा. बहुतेकींना तिथून दोन बस बदलायच्या असतात.

---

पाटी_पेन्सिल

मी फ्रँचायझी पाळणाघराची केंद्रप्रमुख होते. कुठल्या, ते लिहीत नाही. मालकही वाईट माणसं नव्हती, त्यांनी घर गहाण टाकून ते उभं केलं होतं. म्हणूनच आतलं गणित सांगते, कारण दोष एका माणसाचा नसतो.

फी जमा झाली की सगळ्यात आधी भाडं जातं. बाणेर-बालेवाडीत तळमजल्याची जागा म्हणजे काय भाव, तुम्हाला माहीत आहे. मग फीच्या ठरावीक टक्क्यांनी ब्रँडची रॉयल्टी. मग बँकेचा हप्ता. ब्रँडचंच पुस्तक, त्यांचाच गणवेश, त्यांचीच खेळणी घ्यायची. यातला एकही आकडा मालकाच्या हातात नाही. हातात उरतो तो तायांचा पगार आणि तायांची संख्या. मुलं कमी झाली की कात्री तिथे लागते, दुसरीकडे लागूच शकत नाही.

पालक जागा बघायला यायचे त्या वेळी वरच्या वर्गातल्या ताया खाली बाळांच्या खोलीत बसवल्या जायच्या. तुम्ही अकरा वाजता ठरवून गेलात तर तुम्हाला तीन बायका दिसतील. दुपारी दोनला, सगळी झोपलेली असताना, न सांगता जा. तेव्हा किती जणी आहेत ते मोजा. कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि शिवाय मदतनीस असं प्रमाण आहे. माझ्या मते सव्वा वर्षाच्या मुलांसाठी दहासुद्धा फार झाली. एकीला शी झाली, दुसरा रडतोय, तिसरी खुर्चीवर चढतेय, आणि हात दोनच.

तायांना आमच्याकडे पीएफ नव्हता, ईएसआय म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा नव्हता. बेकायदेशीर काही नव्हतं त्यात. ईएसआय साधारणपणे दहा कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, पीएफ विसापासून. प्रत्येक फ्रँचायझीचा मालक वेगळा, प्रत्येक केंद्रात आठ-नऊ जणी. पाटी एकाच ब्रँडची, पण कायद्याच्या लेखी सगळी छोटी छोटी दुकानं. दिवाळीचा बोनस हातात पडला की निम्म्या जणी दुसरीकडे जायच्या, जिथे हजार रुपये जास्त मिळतील तिथे. त्यांचं काय चुकलं? पण डिसेंबरात मुलं नव्या चेहऱ्यांकडे बघून पुन्हा रडायला लागायची. रानजाई, तुम्ही “कधीपासून?” हा प्रश्न विचारलात तो सगळ्यात मोलाचा.

---

अंगणताई

मी ट्रस्टच्या पाळणाघरात आहे, बरीच वर्षं. वरचं वाचून कुणाला वाटेल की आमच्याकडे सगळं छान. छान आहे, पण सगळं नाही.

छान काय, ते आधी. मुलं झोपली की आम्हाला बसून जेवायला मिळतं. आळीपाळीने, पण बसून. माझी मुलगी इथेच फी न भरता वाढली. कुठल्या मुलाला घरी काय त्रास आहे हे आम्ही बाईंना सांगतो आणि बाई ऐकतात. पालक बदलतात, ताया त्याच राहतात. धाकट्या भावंडाला सोडायला आलेली आई म्हणते “तुम्हीच ना अजून?” तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसतं की तिचं ओझं उतरलं.

आता दुसरी बाजू. कितीतरी वर्षं आम्हाला पगार नव्हता, मानधन होतं. मानधन म्हणजे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आजारी पडलं की पैसे कापले. विचारलं की उत्तर यायचं, “आपण सेवा करतो ना?” सेवेची भाषा विश्वस्तांना परवडते, त्यांची पेन्शन चालू असते. माझं घरभाडं सेवेतून भरता येत नाही. शेवटी आम्ही सगळ्या जणी मिळून कार्यकारिणीपुढे बसलो आणि नेमणूकपत्रं घेतली. आता पीएफ कापला जातो. भांडण केलं नाही, हात जोडूनही बोललो नाही. हिशेब मांडला.

सरकारी योजनेतही हेच. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांच्या केंद्रातल्या सेविकेला महिना ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये धरलेले होते. दिवसाला साडेसात तास, महिन्याचे सव्वीस दिवस. आणि ही केंद्रं चालवायच्या कोण, तर स्वयंसेवी संस्था. म्हणजे विनानफा. अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे म्हणायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडलं, आणि अंगणवाड्या १९७५ पासून चालू आहेत.

तेव्हा ताई, ट्रस्टवाल्यांनाही विचारा. फी ७,५०० असेल तर ती कुणाच्या पोटाला चिमटा काढून ७,५०० आहे?

---

सोनटक्का

अंगणताई, तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. आजवर आम्ही पालक फक्त फी वाढली की सभा घेतो. तायांच्या पगारावर सभा घेतलेली मला आठवत नाही.

---

ताळेबंद

सीए आहे, दोन-तीन संस्थांचं ऑडिट बघतो. “विनानफा” याबद्दल थोडं स्पष्ट करतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ट्रस्टला शिल्लक राहूच द्यायची नसते. तसं नाही. शिल्लक राहू शकते, राहायलाच हवी, नाहीतर छत गळायला लागल्यावर काय करणार? बंधन एवढंच की ती कुणाला वाटून घेता येत नाही. कंपनीत भागधारकाला लाभांश मिळतो, ट्रस्टमध्ये तशी वाटच नाही. आयकरातली सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग साधारणपणे उद्दिष्टांवर खर्च दाखवावा लागतो.

पळवाटा आहेत. सगळ्यात नेहमीची म्हणजे इमारत विश्वस्ताच्या कुटुंबाची आणि ट्रस्ट तिला बाजारभावाच्या वर भाडं देतो. किंवा किराणा विश्वस्ताच्या भावाकडून. नफा नाही म्हणायचं आणि घरातच न्यायचा. आयकर कायदा यावर बोट ठेवतो, सूट जाऊ शकते, पण आधी कुणीतरी बघायला हवं.

बघायची सोय आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याखाली दर वर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. अर्ज करून, फी भरून ते पाहता येतात. त्यातलं परिशिष्ट ९ काढा, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. दोन ओळी बघायच्या: पगारावर किती आणि भाड्यावर किती. पाळणाघरात पगार हा सगळ्यात मोठा खर्च असायला हवा. नसेल तर का नाही, हे विचारा. चांगली संस्था अर्जाशिवायही अहवाल हातात देते.

समोरचं पाळणाघर प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपयांत त्यांची कागदपत्रं पाहता येतात. एकट्या मालकाचं किंवा भागीदारीचं असेल तर मात्र तुम्हाला काहीही दिसणार नाही, आणि पुण्यातली बरीचशी खाजगी पाळणाघरं याच प्रकारात येतात.

---

मुठाकाठ

ताळेबंद, माहितीबद्दल आभार. पण बाळाला पाळणाघरात घालायला आईने धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत खेटे घालायचे? फारच झालं. खाजगीत साधा हिशेब आहे, पटलं नाही तर मूल काढून दुसरीकडे घालायचं. ती भीती मालकाला असते, म्हणून तो नीट वागतो.

---

बर्फातला_पुणेकर

मुठाकाठ, तुमचा मुद्दा बाजाराबद्दल बरोबर आहे, पण पाळणाघराच्या बाबतीत तो लंगडा पडतो. हेन्री हान्समन या अमेरिकन कायद्याच्या प्राध्यापकाने १९८० मध्ये यावर लेख लिहिला होता. सांगणं असं, की जिथे पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा असतो आणि देणाऱ्याला दर्जा तपासता येत नाही, तिथे लोक विनानफा संस्थेकडे वळतात. कारण तिथे कमी देऊन उरलेलं खिशात घालण्याचा मोह निदान कायद्याने बंद केलेला असतो. पाळणाघरात हेच होतं. तुमची सव्वा वर्षाची मुलगी घरी येऊन सांगू शकत नाही की दुपारी तिला तासभर कुणी उचललं नाही. आणि मूल काढून दुसरीकडे घालणं म्हणजे दुकान बदलणं नाही, त्या बाळाला पुन्हा पहिल्यापासून रुळावं लागतं.

मी माँट्रियलला राहतो. क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरं सुरू केली. त्यातली विनानफा केंद्रं आहेत त्यांच्या संचालक मंडळात किमान दोन तृतीयांश पालक असावे लागतात, तेही तिथे मूल असलेले किंवा पुढे घालणारे. आमची मुलगी तशा केंद्रात होती आणि बायको मंडळावर. तायांचा पगार, स्वयंपाकघरातली भाजी, सगळं त्या टेबलावर यायचं. इथल्या अभ्यासांत नफ्याच्या केंद्रांपेक्षा या केंद्रांचा दर्जा सरासरीने वरचा निघालाय. सरासरीने, हे महत्त्वाचं. वाईट विनानफा आणि उत्तम खाजगी दोन्ही इथेही आहेत. रांग मात्र लांब असते, मूल पोटात असताना नाव घालतात.

उलट टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. एबीसी लर्निंग नावाची कंपनी २००१ मध्ये शेअर बाजारात उतरली, धडाधड केंद्रं विकत घेत गेली, हजारावर पोचली. नोव्हेंबर २००८ मध्ये कर्जाखाली बुडाली. पालकांना कळेना की सोमवारी दार उघडेल की नाही. सरकारला पैसे ओतून केंद्रं चालू ठेवावी लागली, आणि पुढे काही समाजसेवी संस्थांनी एकत्र येऊन गुडस्टार्ट नावाने साडेसहाशेच्या आसपास केंद्रं घेतली. आजही ती विनानफा चालतात. साखळी मोठी म्हणजे भक्कम, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

---

सहकारनगरचे_आजोबा

तुम्ही दोनच प्रकार धरलेत. पुण्यातली निम्मी पिढी तिसऱ्या प्रकारात वाढली: वाड्यातल्या किंवा बिल्डिंगमधल्या काकूंचं घरगुती पाळणाघर. पाच-सहा मुलं, काकूंच्या घरचाच आमटीभात, काका दुपारी गोष्ट सांगणार. काकू त्यातून दोन पैसे मिळवतच होत्या, त्यात गैर काही नव्हतं. आमचे दोन्ही मुलगे तसेच वाढले, अजून दिवाळीला काकूंच्या पाया पडून येतात. फक्त काकू आजारी पडल्या की सगळ्यांच्या ऑफिसला सुट्टी. आणि आता काकूंच्या सुनाही नोकरी करतात, त्यामुळे ही घरं कमी होत चालली.

---

विटामाती

धागा वाचतेय कधीची. मी बांधकामांवरच्या मुलांसाठी काम करते. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर चालवते, तसं काम. तुम्ही ज्या बिल्डिंगींत राहता त्या उभ्या राहत होत्या तेव्हा तिथेही सव्वा वर्षाची मुलं होती. वाळूच्या ढिगावर.

कायदा होता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर द्यावं असं लिहिलं होतं. मग साइटवर बायका कंत्राटदारांमध्ये विभागलेल्या दाखवायचे, पन्नास भरतच नसत. इथे खाजगी पाळणाघर कधीच येणार नाही, कारण आईला फी देणं शक्य नाही. विनानफा कशासाठी हवं याचं माझ्या लेखी हेच पहिलं उत्तर आहे. बिल्डर जागा, पाणी, वीज देतो, थोडे पैसे देतो, बाकी देणगी. साइट संपली की केंद्र उचलायचं, मुलं कुठे गेली ते कळत नाही. आमच्या कितीतरी ताया वस्तीतल्याच आहेत, प्रशिक्षण घेऊन शिकवायला लागल्या.

रानजाई, तुमच्या कंपनीबद्दलही एक. पन्नास कर्मचारी असले की पाळणाघराची सोय देणं २०१७ पासून बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता यायला हवं. कंपन्या टाय-अप करतात ते म्हणून. पण टाय-अप फक्त साखळ्यांशीच का? एचआरला विचारा की ट्रस्टच्या पाळणाघराला तेच पैसे देतील का. आणि ऑफिस झाडणाऱ्या मावशींच्या मुलांना त्या टाय-अपचा लाभ आहे का, तेही.

---

पाटी_पेन्सिल

विटामाती, शेवटचं विचारायला धैर्य लागतं, पण विचारायलाच हवं. आमच्या केंद्रात ज्या मावशी दुसऱ्यांची मुलं सांभाळायच्या त्यांची स्वतःची मुलं वस्तीत मोठ्या बहिणीच्या ताब्यात असायची. बहीण आठ वर्षांची.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्हीकडे पुन्हा जाऊन आले, दुपारी, न सांगता.

बाणेरला दारातच थांबवलं. सुरक्षेसाठी अपॉइंटमेंट लागते म्हणाले. समजू शकते, खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्याचं २०१६ चं प्रकरण कुणी विसरलेलं नाही. पण केंद्रप्रमुख बाहेर येऊन नीट बोलल्या. बाळांच्या खोलीत अकरा मुलं आणि दोघी जणी, असं त्यांनी सांगितलं. तायांचा पगार आणि पीएफ विचारला तेव्हा “हे आम्ही पालकांशी बोलत नाही” एवढंच उत्तर मिळालं. त्यांचाही नाइलाज असेल.

कोथरूडला आत जाऊ दिलं. नऊ मुलं झोपलेली, एक जागी होती आणि ताईंच्या मांडीवर होती. तिथे दोघी, तिसरी जेवत होती. बसून. अंगणताई, तुमची आठवण झाली. मागच्या वर्षीचा अहवाल मागितला, त्यांनी कपाटातून काढून दिला. खर्चात पगार सगळ्यात वर, पण रक्कम ताया किती यानं भागली तर फार कमी निघते. तसं बोलूनही दाखवलं. पाळणाघर बघणाऱ्या बाई म्हणाल्या, फी वाढवली तर कमी मिळकतीची मुलं गळतील ही भीती वाटते. मी म्हटलं, आमच्यासारख्यांची वाढवा. पूर्ण फी भरू शकणाऱ्यांनी दहा-अकरा हजार दिले तर वरची रक्कम थेट पगारात जाईल, असं लिहून द्याल का? त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या की कार्यकारिणीपुढे ठेवते, तुम्हीही या.

आम्ही कोथरूड ठरवलंय. साडेसहाचा प्रश्न उरतोच. मी आठवड्यातले तीन दिवस लवकर निघेन, दोन दिवस नवरा घरून काम करेल, त्याच्या मॅनेजरशी बोलणं झालंय. हे प्रत्येकाला जमणार नाही हे मला कळतं. मुठाकाठ, तुमच्या जागी असते तर कदाचित मीही तुमच्यासारखंच केलं असतं. एचआरला टाय-अपबद्दल मेल टाकलाय, मावशींच्या प्रश्नासकट.

ताळेबंद, तुम्हाला विचारायचंय. क्यूबेकसारखे पालक मंडळावर घ्यायचे तर ट्रस्टची घटना बदलावी लागेल का? बाईंना तीच धास्ती आहे.

---

अंगणताई

रानजाईताई, सभेला जाल तेव्हा एक करा. पालकांबरोबर तायांपैकीही एक जण टेबलावर बसू दे. नाहीतर आमच्याबद्दल ठरेल आणि आम्हाला चहा आणायला सांगतील.

---

ताळेबंद

विश्वस्त म्हणून घ्यायचे असतील तर घटनेत तरतूद हवी आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागेल, त्याला वेळ लागतो. त्याची आत्ता गरज नाही. विश्वस्त मंडळाने ठराव करून पाळणाघराची सल्लागार समिती नेमावी: तीन पालक, दोन ताया, एक विश्वस्त. तीन महिन्यांनी एक बैठक, इतिवृत्त लिहिलेलं, आणि फीवाढ व पगार हे दोन विषय या समितीपुढे आल्याशिवाय ठरणार नाहीत असं ठरावातच घालावं. ठरावाचा मसुदा करून देतो, बाईंना दाखवा. पैसे घेणार नाही.

---

मुठाकाठ

मसुदा इथेही टाका. आमच्या खराडीच्या मालकीणबाईंना दाखवतो. ट्रस्ट नसलं म्हणून पालक-ताया समिती करायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.